घरभर हाय-रेझ संगीत: नेटवर्क उभारणीच्या नोंदी

४ ऑक्टोबर: आखणी आणि सामान

फाइल्स एका जागी, ऐकायच्या जागा दोन. हॉलमध्ये मुख्य सिस्टिम, बेडरूममध्ये छोटी. फाइल्स सगळ्या फ्लॅक, म्हणजे दर्जा न घालवता आकार कमी करणाऱ्या प्रकारच्या. बहुतेक सीडीवरून काढलेल्या, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, काही २४ बिट ९६, थोड्या २४ बिट १९२ (हे दोन प्रकार म्हणजे हाय-रेझ, सीडीपेक्षा जास्त बारकाव्याचे). अट एकच: फाइलमध्ये जे आहे तेच डॅकपर्यंत (डिजिटल डेटाचा आवाजी सिग्नल करणारं उपकरण) पोचायला हवं, वाटेत कुणी त्याला हात लावता कामा नये.

वेगाचा हिशेब आधीच करून टाकला. सीडीचा कच्चा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट, २४/९६चा ४,६०८, २४/१९२चा ९,२१६. सगळ्यांत जड फाइलसुद्धा १० मेगाबिटच्या आत बसते आणि फ्लॅक झाल्यावर साधारण ५० ते ७० टक्क्यांवर येते. १०० मेगाबिटची जुनी लाइनही यासाठी पुरून उरते. त्यामुळे महागडा राउटर, दहा गिगाबिटचा स्विच, ‘ऑडिओसाठी खास’ म्हणून विकली जाणारी लॅन केबल यांपैकी काहीच घेतलं नाही. गाणं तुटतं ते वेग कमी पडल्यामुळे नाही. दोन-चार सेकंद डेटा येतच नाही किंवा एका उपकरणाला दुसरं दिसत नाही, म्हणून तुटतं. काम याच दोन गोष्टींवर करायचं.

सामान: कॅट-६ सॉलिड कॉपर केबल २५ मीटर, कीस्टोन जॅक (भिंतीतल्या लॅन सॉकेटचा आतला भाग) ४, फेसप्लेट २, पंचडाउन टूल (तारा जॅकच्या खाचांत दाबणारं), साधा केबल टेस्टर, तयार पॅच कॉर्ड ५, आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (केबलने उपकरणं जोडणारा, सेटिंग बदलता येणारा डबा), रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) दोन, यूएसबी डॅक दोन. सर्व्हरसाठी पंखा नसलेला छोटा पीसी आणि ४ टीबीची यूएसबी डिस्क.

केबल घेताना ‘सीसीए’ असं लिहिलेली टाळा. ती आतून ॲल्युमिनियमची असते, वरून फक्त तांब्याचा मुलामा. जॅकमध्ये दाबताना तार तुटते, आणि नाही तुटली तरी काही महिन्यांनी जोड ढिला पडतो. शंका असेल तर टोक सोलून ब्लेडने तार खरवडावी. आत पांढरी निघाली तर परत करावी.

५ ऑक्टोबर: केबल ओढली

राउटरपासून हॉलपर्यंत भिंतीतला रिकामा पाइप मिळाला. स्प्रिंग आत घालून केबल बांधली. एका कोपऱ्यावर अडकली. अशा वेळी जोर लावायचा नाही. केबलला साधारण ११ किलोचा ताण चालतो, त्यापुढे आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. पाइपमध्ये थोडी टाल्कम पावडर फुंकली आणि एकाने ओढायची, दुसऱ्याने मागून सोडायची, असं केल्यावर निघाली. दोन्ही टोकांना हातभर जादा ठेवली. ही जादा केबल पुढे उपयोगी पडली.

विजेच्या वायरींच्या पाइपमधून लॅन केबल नेऊ नये. पहिलं कारण सुरक्षिततेचं, दुसरं गोंगाटाचं. शेजारून समांतर न्यायची असेल तर वीतभर तरी अंतर ठेवावं आणि ओलांडायची असेल तर काटकोनात.

११ ऑक्टोबर: जॅक बसवले, लिंक शंभरवरच

कीस्टोनच्या बाजूला ए आणि बी अशा दोन रंगओळी छापलेल्या असतात. दोन्ही टोकांना बी घेतली. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले. स्विचला जोडल्यावर मात्र पोर्टचा दिवा केशरी, म्हणजे लिंक १०० मेगाबिट. आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम लावून पाहिलं: ९४. गिगाबिटच्या लाइनवर तिथे ९४०च्या आसपास आकडा दिसायला हवा.

१०० मेगाबिटला फक्त १, २, ३, ६ या तारा लागतात, गिगाबिटला चारही जोड्या. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीत गडबड. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, जोड कितपत पक्का आहे ते नाही. हॉलच्या बाजूचा जॅक उघडला तर तपकिरी तार खाचेत अर्धवटच बसलेली. शिवाय जोड्यांचा पीळ दीडेक इंच उलगडलेला. तो १३ मिलिमीटरच्या वर उलगडू नये. जादा ठेवलेली केबल कामाला आली. टोक कापलं, नव्याने दाबलं. ९४१.

संगीतापुरतं ९४ चाललं असतं. तरी दुरुस्त करायलाच हवं होतं, कारण ढिली तार आज शंभरवर चालते आणि पुढच्या पावसाळ्यात अधूनमधून सुटायला लागते. आणि ३८० जीबीचा संग्रह ९४ मेगाबिटने कॉपी करायला नऊ तास लागतात.

१२ ऑक्टोबर: सर्व्हर

छोट्या पीसीवर लिनक्स आणि मिनिमसर्व्हर (फाइल्स नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम). डिस्क एक्स्ट४मध्ये फॉरमॅट केली. जागेचा अंदाज: सीडी दर्जाचं एक तासाचं रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये साधारण ३८० एमबी, २४/९६चं सव्वा जीबीच्या आसपास. हजार तासांच्या सीडी ४०० जीबीच्या आत मावतात.

सर्व्हरला आणि दोन्ही पायना राउटरमध्ये डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) रिझर्वेशन देऊन कायमचे पत्ते ठरवून दिले. उपकरणात हाताने पत्ता टाकण्यापेक्षा हे बरं. सगळे पत्ते एका पानावर दिसतात आणि राउटर बदलला तरी एकाच जागी दुरुस्ती.

अडचण: बराच वेळ काही वाजवलं नाही की पहिलं गाणं सुरू व्हायला दहाएक सेकंद लागतात आणि फोनवरचं ॲप तेवढ्यात ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ म्हणून मोकळं होतं. डिस्क झोपलेली असते, फिरायला लागेपर्यंत वेळ जातो. झोपण्याची मुदत चार तास केली. संग्रह एसएसडीवर ठेवला तर हा प्रश्नच येत नाही, आणि डिस्कची घरघरही नाही.

१८ ऑक्टोबर: हॉलचा पाय आणि डॅक

रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती, त्यावर एमपीडी (फाइल्स वाजवणारा प्रोग्रॅम), एमपीडीला यूपीएनपीवरून (उपकरणांनी नेटवर्कवर एकमेकांना शोधून वाजवायची पद्धत) चालवायला अपएमपीडीसीएलआय, आणि फोनवरून एअरप्लेने थेट ऐकण्यासाठी शेअरपोर्ट-सिंक.

पहिला दोष: दर काही मिनिटांनी टक् असा आवाज आणि डॅक क्षणभर गायब. सिस्टिमच्या नोंदींत ‘अंडरव्होल्टेज’च्या ओळी. पायला मोबाइलचा चार्जर लावला होता. पाय ४ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की तो तक्रार करतो. त्यातून यूएसबीवरच चालणारा डॅक म्हणजे आणखी भार. दोष बहुधा चार्जरच्या लांब, बारीक केबलमध्ये असतो, कारण व्होल्ट तिथेच पडतात. पायचाच ॲडॅप्टर लावला आणि टक् बंद.

दुसरा दोष ऐकून लक्षात येत नाही, म्हणून जास्त घातक. डॅकच्या पडद्यावर प्रत्येक फाइलला ‘४८’ दिसत होतं. सीडीची असो नाहीतर २४/१९२ची. एमपीडीला आउटपुट म्हणून ‘डीफॉल्ट’ दिलं की अल्सा (लिनक्समधलं आवाज हाताळणारं सॉफ्टवेअर) वाटेत मिक्सर घालतं आणि तो सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणून ठेवतो. आउटपुटमध्ये थेट हार्डवेअर उपकरण दिलं, एमपीडीचा मिक्सर बंद केला, रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय) बंद केलं. आता ४४.१, ९६, १९२ जे असेल ते दिसतं. डॅकला पडदा नसेल तर वाजत असताना प्रोक फोल्डरमधल्या अल्साच्या ‘एचडब्ल्यू पॅरॅम्स’ फाइलमध्ये दर आणि बिट दोन्ही वाचता येतात.

थेट हार्डवेअर दिल्याचा एक तोटा आहे: एका वेळी एकच प्रोग्रॅम डॅक धरू शकतो. शेअरपोर्ट-सिंक चालू राहिलं तर एमपीडी ‘उपकरण व्यस्त’ म्हणतो. एकाने सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं.

ज्यांच्याकडे सराउंड रिसीव्हर आहे त्यांच्यासाठी पक्की चाचणी: डीटीएस (सराउंड आवाज साठवण्याची पद्धत) सीडीवरून काढलेली फ्लॅक फाइल डिजिटल आउटपुटमधून रिसीव्हरला द्यावी. एकही बिट बदललेला नसेल तर डीटीएसचा दिवा लागतो, बदलला असेल तर नुसती खरखर येते. आवाज आधी अगदी खाली आणून ठेवावा, ही खरखर पूर्ण जोरात येते आणि स्पीकर खराब करू शकते.

१९ ऑक्टोबर: स्पीकरमधला घूं

काहीही वाजत नसताना स्पीकरमधून हलका, जाड्या पट्टीतला घूं. लॅन केबल काढली की बंद, लावली की सुरू. हॉलच्या भागात धातूच्या टोपणाची शील्डेड (तारांभोवती धातूचं वेष्टण असलेली) पॅच कॉर्ड वापरली होती. साध्या लॅन जोडणीत दोन्ही टोकांच्या पोर्टांमध्ये ट्रान्सफॉर्मर असल्याने उपकरणं विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून अलग राहतात. शील्डचं धातू मात्र स्विच आणि पाय यांच्या अर्थिंगला जोडून टाकतं आणि अर्थचा फेरा पूर्ण होतो. प्लास्टिक टोपणाची साधी यूटीपी कॉर्ड लावली. घूं गेला. घरात शील्डेड केबल घेऊ नये, ती इथे फायद्यापेक्षा नुकसानच जास्त करते.

२५ ऑक्टोबर: हॉल दिसतो आणि चार मिनिटांनी नाहीसा होतो

या प्रकल्पातला सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर.

लक्षणं अशी. पाय सुरू केला की फोनच्या ॲपमध्ये ‘हॉल’ दिसतो. गाणं लावलं की व्यवस्थित वाजतं. साधारण चार-सव्वाचार मिनिटांनी ॲप बंद करून उघडलं की ‘हॉल’ यादीत नाही. पण आधी लावलेलं गाणं वाजतच असतं. पाय रीस्टार्ट केला की परत दिसतो, परत नाहीसा होतो.

आधी संशय पायवर घेतला. अपएमपीडीसीएलआय पुन्हा टाकलं, आवृत्ती बदलली, ऊर्जा वाचवणाऱ्या सेटिंग्ज बंद केल्या. उपयोग शून्य. खरा धागा दोन गोष्टींत होता. एक, गाणं तुटत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे, फक्त शोध बिघडलाय. दोन, त्याच पायवरचं एअरप्ले फोनला कायम दिसत राहतं.

यूपीएनपीमध्ये उपकरणं एकमेकांना २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या) पत्त्यावर, पोर्ट १९००वर हाक मारतात. एअरप्लेची हाक २२४.०.०.२५१वर, पोर्ट ५३५३. दोन्ही मल्टिकास्टच, पण २२४.०.०ने सुरू होणारे पत्ते स्विच कधी अडवत नाही, सगळ्या पोर्टांवर पाठवतो. २३९चे पत्ते मात्र आयजीएमपी स्नूपिंगच्या ताब्यात असतात. स्नूपिंग चालू असेल तर स्विच आधी पाहतो की या गटात कोण सामील झालंय, आणि तेवढ्याच पोर्टांवर ती हाक सोडतो.

सामील झाल्याची नोंद काही मुदतीपुरतीच असते. ‘अजून आहात का?’ असं कुणीतरी ठरावीक काळाने विचारावं लागतं. विचारणारा तो क्वेरिअर. नेहमीच्या मूल्यांप्रमाणे दर १२५ सेकंदांनी विचारणा होते आणि दोन विचारण्यांत उत्तर आलं नाही की, उत्तरासाठीचे वरचे १० सेकंद धरून, २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. घरातला राउटर ही विचारणा करतच नव्हता. पाय सुरू होताना स्वतःहून सामील होतो, म्हणून दिसतो. मग कुणी विचारत नाही, २६० सेकंद संपतात, नोंद जाते. त्यात स्विचमध्ये ‘अनोळखी मल्टिकास्ट’ या सेटिंगला ‘टाकून द्या’ होतं, त्यामुळे फोनची हाक हॉलच्या पोर्टपर्यंत पोचतच नव्हती. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद, लक्षणाशी अगदी जुळतं.

उपाय दोन. स्नूपिंग बंद करणं सोपं, आणि बहुतेक घरांत तेवढं पुरतं. इथे स्विचवरच क्वेरिअर चालू केला, मध्यांतर १२५ ठेवलं. नेटवर्कमध्ये क्वेरिअर एकच असावा. रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं, ‘हॉल’ जागेवर.

साधा, सेटिंग नसलेला स्विच असेल तर हा त्रास बहुधा होत नाही. पण मग याच लक्षणाची दुसरी दोन कारणं तपासावीत. फोन गेस्ट वाय-फायवर आहे का? तिथे उपकरणं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. आणि इंटरनेटवाल्याच्या मोडेमच्या मागे स्वतःचा राउटर लावलाय का? दोघंही डीएचसीपी देत असतील तर फोन एका नेटवर्कात आणि पाय दुसऱ्यात जातो. हाक मधली भिंत ओलांडत नाही. मागच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं की प्रश्न मिटतो.

१ नोव्हेंबर: बेडरूम, केबलशिवाय

बेडरूमपर्यंत पाइप नाही. आधी विजेच्या वायरीतून डेटा नेणारी पॉवरलाइनची जोडी लावली. रिकाम्या घरात चांगली चालली. एलईडी दिवे लागले आणि लॅपटॉपचा चार्जर जोडला की पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) मिलिसेकंदांवरून सेकंदावर जायचा आणि गाणं थांबायचं. या दिव्यांचे आणि चार्जरचे सप्लाय वायरीतच गोंगाट सोडतात. जोडी काढून ठेवली. या कामातला वाया गेलेला खर्च हाच.

मग वाय-फाय. सीडीच्या फाइल्स सुरळीत, २४/१९२च्या मात्र मधूनच तुटायच्या. वेग मोजला तर ६० मेगाबिट, गरजेच्या सहापट. उत्तर बफरमध्ये (वाजण्याआधी डेटा साठवायची जागा) मिळालं. एमपीडीचा बफर ४ एमबीचा होता आणि त्यात उलगडलेला आवाज साठतो. सीडीला सेकंदाला १७६ केबी लागतात, म्हणजे तेवढ्या बफरमध्ये २३ सेकंद मावतात. २४/१९२ला एमपीडी प्रत्येक नमुन्याला ३२ बिटांची जागा देतो, म्हणजे सेकंदाला दीड एमबी. त्याच बफरमध्ये तीन सेकंदही मावत नाहीत. वाय-फाय तीन सेकंद अडखळलं की संपलं. बफर ६४ एमबी केला. पायकडे मेमरी मुबलक आहे. चाळीस सेकंदांची उसंत मिळाली.

अडखळण्याची कारणंही काढली:

पायच्या वाय-फायचं पॉवर सेव्ह बंद केलं. ते चालू असताना पिंग उगाच वरखाली होत होता.

पाय धातूच्या केसमध्ये होता. प्लास्टिकच्या केसमध्ये घातल्यावर सिग्नल लक्षात येण्याइतका सुधारला. अँटेना बोर्डावरच असते, धातू ती झाकतो.

राउटर ‘ऑटो’वर असताना १०० नंबरचा चॅनेल घेत होता. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारसारखा काही सिग्नल दिसला की राउटरला चॅनेल सोडावाच लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. चाळीस सेकंदांचा बफर इथे कमी पडतो. चॅनेल ३६ पक्का केला, रुंदी ४० मेगाहर्ट्झ.

२.४ गिगाहर्ट्झवर परत जाण्याचा मोह टाळावा. मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजारपाजारचे राउटर तिथेच असतात. शिवाय यूएसबी ३ची डिस्क आणि तिची केबल नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट सोडते. सर्व्हरची डिस्क राउटरला खेटून होती, ती केबल पुरेल तेवढी लांब सरकवली.

८ नोव्हेंबर: दोन गाण्यांमधली फट

आलापाचा ट्रॅक संपून बंदिशीचा सुरू होताना अर्ध्या सेकंदाची फट. सलग मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये हे सहन होत नाही. तानपुरा तुटलेला लगेच कळतो. यूपीएनपीमध्ये पुढच्या ट्रॅकचा पत्ता आधीच देण्याची सोय आहे, पण ती वाजवणारा आणि फोनवरचं ॲप दोघांनीही वापरावी लागते. ॲपमध्ये ‘गॅपलेस’ चालू केलं.

याच्याच जोडीचा दुसरा त्रास: फोनचा पडदा बंद झाला की पुढचं गाणं लागत नाही. साध्या यूपीएनपीत यादी फोनमध्ये राहते. फोन झोपला की यादीही झोपते. अपएमपीडीसीएलआयमध्ये ओपनहोम (यूपीएनपीचाच वाढीव प्रकार) चालू केलं की यादी पायकडे राहते. मग फोन घराबाहेर नेला तरी मैफल पूर्ण होते.

९ नोव्हेंबर: ‘ऱ’ असलेल्या नावांच्या फाइल्स

मॅकवरून आरसिंकने कॉपी केलेल्या काही अल्बममध्ये ‘ऱ’ असलेली नावं शोधात सापडत नव्हती आणि काहींच्या दोन प्रती झाल्या होत्या. ‘ऱ’ दोन पद्धतींनी साठवता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा जोडून. मॅकची जुनी फाइल सिस्टिम दुसरी पद्धत वापरते, कीबोर्ड सहसा पहिली. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. आरसिंकच्या आयकॉन्व्ह पर्यायात ‘यूटीएफ-८-मॅक’कडून ‘यूटीएफ-८’कडे असं देऊन कॉपी पुन्हा केली. टॅगमधली नावंही टॅग एडिटरमधून एकाच पद्धतीची करून घेतली. कलाकाराचं नाव ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये टाकणं आणि जोड-सीडीला ‘डिस्क नंबर’ देणं याच वेळी उरकलं.

१५ नोव्हेंबर: मेन स्विच बंद करून चाचणी

सगळं चालू असताना वीज तोडली, मिनिटभराने दिली. हॉल आला, बेडरूम आली, सर्व्हर रिकामा. पीसी डिस्कआधी तयार झाला, मिनिमसर्व्हरला फोल्डरच सापडलं नाही. डिस्क माउंट झाल्याशिवाय (सिस्टिमला जोडली गेल्याशिवाय) सर्व्हर सुरू होऊ नये असं सर्व्हिसमध्ये घातलं. पुन्हा वीज तोडली, सगळं आपोआप आलं.

अचानक वीज गेल्यावर पायचं एसडी कार्ड बिघडू शकतं. दोन्ही पायमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली. आता कार्डावर काही लिहिलंच जात नाही. सेटिंग बदलायची तर आधी ती बंद करावी लागते, हे लक्षात ठेवायचं. कार्डाची इमेज काढून सर्व्हरवर ठेवली.

संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. कॉपीनंतर फ्लॅकची स्वतःची तपासणी सगळ्या फाइल्सवर चालवली. प्रत्येक फ्लॅकमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण असते आणि बिघडलेली फाइल तिथेच पकडली जाते. तीन फाइल्स निघाल्या, त्या सीडीवरून परत काढल्या.

बाकी कामं: राउटर आणि स्विचसाठी छोटा यूपीएस, दोन्ही खोल्यांत एकाच वेळी वाजवण्यासाठी स्क्वीझलाइट आणि लिरियन म्युझिक सर्व्हर, कारण यूपीएनपीत दोन खोल्यांचा ताळमेळ जमत नाही, बेडरूमकडे छताच्या कडेने पट्टीतून केबल नेता येते का ते पाहणं.